तेरा बाजूंची टोपी

२० मार्च २०२३ रोजी नियतकालिकात छापून येण्याआधीच शोधनिबंध खुले ठेवणाऱ्या अर्काइव्ह या संकेतस्थळावर चार जणांचा एक गणिती शोधनिबंध आला. गणितात लेखकांची नावं सहसा आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावतात. इथे ती नेमकी उलटी लावली होती, त्यामुळे पहिलं नाव आलं डेव्हिड स्मिथ यांचं. स्मिथ इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या ब्रिडलिंग्टनचे, छपाईच्या कामातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ. आकार जुळवत बसण्याचा नाद, एवढीच त्यांची गणिताशी सोयरीक. त्यांच्या हाती जे लागलं ते मात्र जवळपास पन्नास वर्षं भल्याभल्यांना हुलकावणी देत होतं.

प्रश्न फरशीचा आहे. चौकोनी लादी घ्या किंवा षटकोनी पेव्हर ब्लॉक. अंगण कितीही मोठं असो, फट न ठेवता आणि एकावर एक न चढवता ते भरता येतं. पण ही नक्षी आवर्ती असते. ती ट्रेसिंग पेपरवर गिरवून घ्या आणि कागद न फिरवता नुसता सरकवा, पुन्हा रेघेवर रेघ बसेल. आता असा एकच आकार शोधायचा, जो अनंत जमीन भरेल, पण कागद कितीही आणि कुठेही सरकवला तरी सगळी नक्षी पुन्हा जुळणार नाही. अट दिसते त्याहून कडक आहे. रुंदीच्या दुप्पट लांबीच्या लाद्या सगळ्या आडव्या लावून एकावर एक असलेली एकच जोडी उभी फिरवली तरी नक्षी बिघडते, पण त्याला अर्थ नाही, कारण त्याच लाद्या सगळ्या आडव्याही लावता येतात. हव्या असलेल्या आकाराला आवर्ती नक्षी जमताच कामा नये.

तर्कशास्त्रज्ञ हाओ वँग यांनी १९६१ मध्ये अंदाज बांधला होता की एका आकाराचं सोडाच, असा बऱ्याच आकारांचा संचही असू शकत नाही. त्यांचेच विद्यार्थी रॉबर्ट बर्जर यांनी तो खोटा ठरवला, पण त्यांच्या संचात २०,४२६ प्रकारच्या फरश्या होत्या. पुढे राफेल रॉबिन्सन १९७१ मध्ये सहांवर आले, आणि त्याच दशकात रॉजर पेनरोज दोनांवर. तिथे गाडी अडली ती अडलीच.

स्मिथ यांचा आकार कागदावर काढणं अगदी सोपं आहे. एक सुसम षटकोन काढा आणि प्रत्येक बाजूचा मध्यबिंदू केंद्राशी जोडा. सहा पतंगाकृती चौकोन मिळतील, कोन ६०, ९०, १२० आणि ९० अंशांचे. असे षटकोन शेजारी शेजारी मांडून त्यातले ठरावीक आठ पतंग एकत्र घेतले की तेरा बाजूंची आकृती तयार होते. तिला टोपी म्हणतात. काहींना ती टी-शर्टसारखी वाटते, आणि मला विचाराल तर त्यांचंच बरोबर आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात स्मिथ यांनी पुठ्ठ्याच्या टोप्या कापून मांडायला घेतल्या. त्या पसरत गेल्या, पण नक्षी काही पुन्हा येईना. त्यांनी कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या क्रेग कॅपलन यांना कळवलं. मग जोसेफ मायर्स आणि चाइम गुडमन-स्ट्रॉस या दोघांची भर पडली.

निबंधात दोन सिद्धता आहेत. पहिलीत टोप्यांचे गट, त्या गटांचे आणखी मोठे गट अशी चढती रचना दाखवली आहे; ती तपासायला संगणकाची मदत लागली. दुसरी मायर्स यांची, आणि खरी मजा तिच्यात आहे. टोपीची सर्वांत लांब बाजू दोन तुकड्यांची मानली, तर सगळ्या कडा दोनच मापांच्या उरतात, १ आणि √३. कोन तसेच ठेवून ही मापं बदलली तरी आकृती मोडत नाही आणि मांडणीही टिकते. आता लहान माप शून्यावर आणा: चार समभुज त्रिकोणांचा आकार उरतो. उलट मोठं माप शून्यावर आणलं की आठ त्रिकोणांचा. समजा टोपीची नक्षी आवर्ती आहे. मग ही दोन्ही टोकंही आवर्ती हवीत, आणि त्रिकोण सारख्याच मापाचे घेतले तर एकाचं क्षेत्रफळ दुसऱ्याच्या दुप्पट असल्यामुळे त्यांच्या सरकण्याच्या अंतरांचं गुणोत्तर √२ यायला हवं. पण त्रिकोणी जाळीवर कोणत्याही दोन अंतरांचं गुणोत्तर √२ येतच नाही. झालं, आवर्तीपणा निकालात निघाला. पन्नास वर्षांच्या प्रश्नाला शाळेतली अपरिमेय संख्या पुरते, हे पाहून थक्क व्हायला होतं.

हा निबंध कुणालाही फुकट वाचता आला. कॅपलन यांनी आकृत्याही डाउनलोडसाठी ठेवल्या, आणि लोकांनी टोपीच्या गोधड्या शिवल्या, बिस्किटं केली. पेनरोज यांनी आपल्या फरश्यांचं पेटंट घेतलं होतं. १९९७ मध्ये तीच नक्षी टॉयलेट पेपरवर उमटली म्हणून कोर्टकज्जाही झाला. टोपीचा निबंध रीतसर छापून आला २०२४ मध्ये, ‘कॉम्बिनेटोरियल थिअरी’ या नियतकालिकात. त्याचा जन्मच बंडातून झाला: एका जुन्या व्यावसायिक नियतकालिकाच्या बहुतेक संपादकांनी २०२० मध्ये राजीनामे देऊन ते काढलं. तिथे ना वाचकाला पैसे पडतात, ना लेखकाला. संख्यांच्या गमती शोधणारे देवळालीचे द. रा. कापरेकर मास्तर आपल्या पुस्तिका स्वखर्चाने छापत, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या गणिताच्या सदरात लिहीपर्यंत बाहेरच्या जगाला त्यांचा फारसा पत्ता नव्हता. त्यांना अर्काइव्ह मिळालं असतं तर काय बहार आली असती!

टोपीत एक खोट होतीच. साधारण आठातली एक टोपी उलटी, म्हणजे आरशातल्यासारखी, बसवावी लागते. फरशीला चकाकी एकाच बाजूला असते, तेव्हा कोणताही गवंडी याला दोन प्रकारचा माल म्हणेल. तक्रार रास्त होती. स्मिथ पुन्हा पुठ्ठा घेऊन बसले. कडांची दोन्ही मापं सारखी केलेला आकार निबंधात अपवाद म्हणून बाजूला ठेवला होता, कारण उलट्या फरश्या चालत असतील तर त्याची आवर्ती नक्षी होते. उलट्या वापरायच्याच नाहीत असं ठरवलं तर? तर होत नाही. मग कडांना वळण दिलं, म्हणजे उलटी फरशी शेजारी बसणारच नाही. हा ‘स्पेक्टर’ मे २०२३ च्या अखेरीस जाहीर झाला.

फरशी फिरवायचीही नाही, फक्त सरकवायची, असं म्हटलं तर खेळ पालटतो. चौकटीच्या कागदावरच्या घरांचा कोणताही आकार घ्या. सरकवून कागद भरता येत असेल तर आवर्ती पद्धतीनेही तो भरता येतोच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या सिद्धार्थ भट्टाचार्य यांची ही सिद्धता २०२० मध्ये छापून आली. खूप मोठ्या मितींमध्ये मात्र हे खरं नाही, हे रेचल ग्रीनफेल्ड आणि टेरेन्स टाओ यांनी दाखवलं, तेही नोव्हेंबर २०२२ मध्ये.