‘जायका’चे पैसे पुरासाठी नाहीत

खडकवासला धरणातून विसर्ग वाढून पुण्यात नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं, की सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: ‘पूर थांबवायला जपानने हजार कोटी फुकट दिले, महापालिकेने गिळले!’

फुकट नाहीत आणि पुरासाठी तर नाहीतच. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने मंजूर केलेली ९९०.२६ कोटींची ही योजना पुण्यातल्या मुळा-मुठा नदीचं प्रदूषण कमी करण्यासाठी आहे: ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं आणि मैलावाहिन्या. ‘जायका’ने, म्हणजे जपान सरकारच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेने, दिलंय ते कर्ज, तेही केंद्राला, व्याज ०.३० टक्के, मुदत ४० वर्षं. महापालिकेला त्यातून ८५ टक्के अनुदान, उरलेला भार तिचा. ‘फुकट’चा घोळ बहुधा इथलाच. नदीचे काठ विकसित करण्याचा ‘नदीकाठ सुधार’ हाही या योजनेचा भाग नाही, तो तर वेगळाच प्रकल्प. शुद्धीकरण केंद्रांचं काम रखडलं म्हणून महापालिकेला जरूर धारेवर धरा, पण त्याने पुराची पातळी इंचभरही उतरली नसती.