बी.एससी.ला प्रवेश मिळतो, मेजर गणित मात्र निसटतं: लहान कॉलेजात अर्ज भरण्याआधी

तालुक्याच्या कॉलेजात बी.एससी.ला प्रवेश मिळणं अवघड नाही. सीईटी नाही (बीबीए-बीसीएला २०२४ पासून आली, साध्या बी.एससी.ला नाही). बारावीच्या गुणांवर यादी लागते आणि बऱ्याच ठिकाणी जागा उरतात. तरीही दरवर्षी काही मुलं गणित घ्यायला येतात आणि पदवी रसायनशास्त्राची घेऊन जातात. कारण बहुतेक वेळा अर्जातच असतं.

पहिला प्रश्न फीचा नको, हा विचारा: तुमच्याकडे गणित मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत आहे का? ‘गणित आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. लहान कॉलेजात गणित पहिल्या वर्षापुरतं किंवा नुसतं मायनर (दुय्यम विषय) म्हणूनही असतं. कधी मान्यता असते, पण मेजर घेणारी चारच मुलं निघाली की वर्ग चालवायचा की नाही यावर चर्चा सुरू होते. म्हणून गेल्या दोन वर्षांत तिसऱ्या वर्षाला गणितात किती मुलं होती, हे विभागात जाऊन विचारा. ऑफिसात नको, तिथे ‘होईल, होईल’ असंच उत्तर मिळतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण महाराष्ट्रातल्या, विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं, तेव्हापासून अर्जात रकाने वाढलेत: मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा निवडीचा विषय) आणि पुढे आद्याक्षरांनी लिहिलेल्या इतर विषयांची रांग. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाचे असतात आणि दुसऱ्या वर्षी त्यांतून एक मेजर, एक मायनर ठरतो. तिथे त्या तिघांत गणित नसेल, तर पुढे मेजर गणित मागायचा हक्कच उरत नाही. मित्रांनी घेतला म्हणून वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्र-रसायनशास्त्र गट भरणारे इथेच अडकतात. गणित, भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्र किंवा रसायनशास्त्र, असा काहीतरी गट हवा. ओपन इलेक्टिव्ह मात्र विज्ञानाबाहेरचाच घ्यायचा असतो. तिथे गणिताशी मिळतंजुळतं काही शोधत बसू नका.

पात्रता एका ओळीची: बारावी विज्ञान उत्तीर्ण, गणितासह. ‘गणितासह’ हा शब्द वाचायचा राहतो. अकरावीला गणित सोडून जीवशास्त्र धरलेल्यांना सहसा मेजर गणित मिळत नाही, टक्के कितीही असोत. मार्कलिस्टवर ४० या सांकेतांकाचा ‘गणित व संख्याशास्त्र’ विषय आहे का, एवढं पाहा. वाणिज्य शाखेचं गणित (सांकेतांक ८८) चांगलं गेलं असलं तरी बी.एससी.ला शाखा आडवी येते, अशांनी बी.ए.ला गणित देणारं कॉलेज शोधावं. विज्ञान आहे पण गणित नाही, त्यांना बोर्डाकडे ‘तुरळक विषय’ म्हणून एकट्या गणिताची परीक्षा देता येते. बहुधा वर्ष जातं, पण वाट बंद नाही.

मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत अर्ज दोन असतात: विद्यापीठाची ऑनलाइन प्रवेशपूर्व नोंदणी आणि कॉलेजचा स्वतःचा फॉर्म. एक भरून दुसरा राहिला तर यादीत नाव येत नाही, आणि कोणी फोन करून कळवतही नाही.

आता कागद. दहावी-बारावीची मार्कलिस्ट, आधार, फोटो यांवर लिहायला नको. शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रत जमा होतो, म्हणून आधी पाच-सहा झेरॉक्स आणि एक स्वच्छ स्कॅन काढून ठेवा. इंजिनीअरिंगच्या फेऱ्यांची वाट पाहत इथे ‘सेफ्टी’ म्हणून प्रवेश घेणाऱ्यांना ऑगस्टमध्ये हाच दाखला परत मागावा लागतो. मूळ मार्कलिस्ट मात्र तपासून लगेच परत द्यायची, असं यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) म्हणणं आहे. ‘राहू द्या इथेच’ म्हणाले तर नम्रपणे नकार द्या.

आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. जूनमध्ये फाईल उघडली की गेल्या वर्षीचा कागद निघतो, आणि तेव्हा सेतू केंद्रात अख्खा तालुका उभा असतो. बारावीची परीक्षा संपली की एप्रिलमध्येच अर्ज टाका. उत्पन्नाच्या दाखल्याचंही तसंच. शिवाय तलाठ्याचा नव्हे, तहसीलदाराचा लागतो. तलाठ्याचा कागद ही त्याच्या आधीची पायरी आहे, हे खिडकीवर कुणी समजावून सांगत नाही.

सीबीएसईचे किंवा दोडामार्ग-सावंतवाडीकडे गोवा बोर्डाची बारावी करून येणारे: मायग्रेशन सर्टिफिकेट (आधीच्या बोर्डाचा स्थलांतर दाखला) प्रवेशाच्या वेळीच काढा. प्रवेश त्याशिवाय तात्पुरता मिळतो, म्हणून मुलं विसरतात, आणि विद्यापीठाची पात्रता-तपासणी अडली की निकाल राखून ठेवला जातो.

पदवीची मिळवलेली क्रेडिट ज्या ऑनलाइन खात्यात जमा होतात, त्यासाठी अपार किंवा एबीसी आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) लागतो. तो डिजिलॉकरवरून दहा मिनिटांत निघतो, पण ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर जातो, आणि तो नंबर बरेचदा वडिलांचं कधीच बंद पडलेलं सिम असतं. नावाचं स्पेलिंगही जुळायला हवं. फरक असेल तर आधार दुरुस्त करणं सोपं. मार्कलिस्ट दुरुस्त करायची तर विभागीय मंडळापर्यंत जावं लागतं.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर, प्रवेशानंतर. मुलींना संपूर्ण फी माफ, हे ऐकून येणाऱ्या पालकांना सांगायला वाईट वाटतं, पण जुलै २०२४ चा तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे, साधी बी.एससी. त्यात बसत नाही. इतर योजना आहेत, कॉलेजात शिष्यवृत्तीचं काम पाहणाऱ्यांना गाठा. आणि पैसे फॉर्मात लिहिलेल्या खात्यात येतीलच असं नाही. आधार ज्या बँकेशी डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलंय तिथे जातात. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे ते जोडलं गेलं, असं होत नाही. बँकेत ‘आधार सीडिंग’ हाच शब्द वापरून विचारा.

चौथ्या वर्षाची, म्हणजे ऑनर्स पदवीची चौकशी आताच करून ठेवा. संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि विभागात मार्गदर्शक असावे लागतात. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालणाऱ्या विभागात ते जमणं कठीण. तिथे तीन वर्षांची पदवी घेऊन एम.एससी.ला दुसरीकडे जायचं, हे धरून चाला.

फी भरल्यावर पावती घेऊन लगेच खिडकी सोडू नका. विषयगट छापलेला प्रवेश-अर्ज मागा, त्यात गणित आहे का वाचा आणि त्याच्यावर शिक्का घ्या.