व्हॉल्व्ह आहेत, मग ऑइल कुठंय?

पाऊस ओसरायला लागला की कोकणातल्या आंब्या-काजूच्या बागांत बेणणी, म्हणजे वाढलेलं गवत-झुडपं कापणं, सुरू होते. पूर्वी ती कोयत्याने व्हायची, आता ग्रास कटरने. गेल्या खेपेला आमच्याकडे आलेल्या गड्याजवळ दोन मशिनं होती. जुन्याचा आवाज किरटा, कानात घुसणारा. नव्याचा मात्र तेवढ्याच वेगाला भरदार, थेट खालच्या सप्तकातला.

हे सप्तकाचं अलंकारिक म्हणून लिहिलेलं नाही. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणाऱ्या दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. मिनिटाला ७००० फेरे धरले तर पहिल्यात सेकंदाला साधारण ११७ स्फोट, दुसऱ्यात ५८. कंपनं निम्मी झाली की स्वर बरोबर एक सप्तक खाली येतो. त्यामुळे नवं मशीन फोर-स्ट्रोक आहे हे मी न बघता सांगितलं आणि मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली.

थोड्या वेळाने गड्याने हिरवट मिक्स पेट्रोलचा कॅन उचलला आणि दोन्ही मशिनांत त्यातूनच ओतलं. मी ओरडलोच, "अरे, फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल घातलेलं पेट्रोल घालतोस?"

"काका, ह्याला वेगळं ऑइल नाहीच. भोक दाखवा कुठंय ते."

खरंच नव्हतं. ऑइल भरायचं झाकण नाही, पातळी बघायची कांडी नाही, खाली ड्रेनचा बोल्टही नाही.

पेट्रोलमध्ये ऑइल का घालतात, हे बजाजची जुनी स्कूटर चालवलेल्यांना सांगायला नको. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे यांनी १८९१च्या सुमारास ही सुटसुटीत रचना काढली. पिस्टनखालची क्रँककेसची (क्रँकशाफ्ट ज्या पेटीत फिरतो तिची) पोकळीच पंप म्हणून वापरायची. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी तिथे येतं, पिस्टन खाली येताना दाबलं जातं आणि बाजूच्या वाटेने वर सिलिंडरमध्ये चढतं. तळाशी ऑइल साठवलं तर तेही या वाऱ्याबरोबर वर जाणार, म्हणून ते पेट्रोलमध्येच मिसळायचं. जाता जाता बेअरिंगांना वंगण मिळतं आणि उरलेलं जळून धूर होतो. सोय मोठी, पण उधळपट्टीही तेवढीच. ताजं मिश्रण आत येताना धुराड्याची वाट उघडीच असते, त्यामुळे साध्या टू-स्ट्रोकमध्ये पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त मिश्रण न जळताच बाहेर पडतं. धुराबद्दलचे नियम कडक झाल्यावर छोट्या इंजिनवाल्यांची पंचाईत झाली ती यामुळेच.

फोर-स्ट्रोकमध्ये ही उधळपट्टी नाही, कारण व्हॉल्व्ह, म्हणजे आत यायच्या आणि बाहेर जायच्या वाटांवरच्या झडपा, आपापल्या वेळेला उघडतात आणि मिटतात. पण तिथे मिश्रण सिलिंडरच्या डोक्यातून आत येतं आणि तिथूनच बाहेर जातं, क्रँककेसकडे फिरकतही नाही. म्हणून तळाशी ऑइलचं डबकं ठेवतात. ग्रास कटर मात्र तिरपा होतो, आडवा होतो, कधी उलटाही. डबकं कलंडलं की ऑइल नको तिथे आणि बेअरिंग कोरडी. होंडाने छोट्या इंजिनांत यावर तोडगा काढला. ऑइलला स्वतंत्र कप्पा, त्यात फिरणारं पातं, आणि ते घुसळून केलेलं धुकं सगळीकडे फिरवायचं. जीएक्स-२५ या २५ सीसीच्या इंजिनात ऑइल मावतं फक्त ८० मिलिलिटर, आणि ते कसंही धरलं तरी चालतं. देखणी युक्ती आहे. पण त्याला ऑइल भरायचं झाकण असतंच.

आमच्या मशिनाला तेही नव्हतं. मला आधी वाटलं, हा टू-स्ट्रोकच असेल आणि आवाजाने मला फसवलं असेल. जेवणाच्या सुट्टीत वरचं झाकण उघडलं. आत दोन व्हॉल्व्ह, ते दाबणारे दोन रॉकर, आणि रॉकरना ढकलायला खालून आलेले दोन दांडे, म्हणजे पुशरॉड. चक्क फोर-स्ट्रोक! म्हणजे पेट्रोलमधलं ऑइल गच्चीवर पोचतंय आणि तहान तळमजल्यावरच्या बेअरिंगांना लागलेली. मधे पिस्टन, आणि त्याच्या रिंगा खिंड अडवून बसलेल्या.

नीट पाहिल्यावर एक बारीक छिद्र दिसलं. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरकडून येणाऱ्या वाटेतून ते रॉकरच्या कप्प्यात उघडतं. रॉकरचा कप्पा पुशरॉडच्या बोगद्यांनी थेट क्रँककेसला जोडलेला. या रचनेला जर्मनीच्या श्टील कंपनीने 'फोर-मिक्स' असं नाव दिलं आहे. (कंपनीच्या नावाचा पोलादाशी संबंध नाही, ते संस्थापक आंद्रेआस श्टील यांचं आडनाव.)

एवढं दिसलं की बाकीचं कागदावर सोडवता येतं. पिस्टन वर गेला की त्याच्याखालची जागा वाढते, म्हणजे क्रँककेस श्वास आत घेते. तिला त्या छिद्राखेरीज दुसरं नाकच नाही. मग मिश्रण रॉकरना भिजवत, पुशरॉडच्या बोगद्यांतून खाली उतरतं. पिस्टन खाली आला की तोच श्वास उलट्या वाटेने वर जातो आणि पुन्हा सिलिंडरकडच्या रस्त्याला लागतो. सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतो, क्रँककेस मात्र प्रत्येक फेऱ्याला घेते, कारण व्हॉल्व्ह उघडा आहे की बंद याच्याशी तिला देणंघेणं नाही. ज्या दोन धावांत व्हॉल्व्ह मिटलेले असतात, म्हणजे दाबाच्या आणि स्फोटाच्या, त्यांतही खाली ही ये-जा चालूच असते. पेट्रोल उष्णतेने वाफ होऊन निघून जातं, ऑइलचे जड थेंब धातूला चिकटून राहतात.

डे यांच्या इंजिनात क्रँककेस पंप होती. इथे तिच्यावर मिश्रण वर चढवायची जबाबदारीच नाही, ती फक्त आतबाहेर हुंगत राहते. सगळं मिश्रण तिच्यातून जात नाही, थोडंच जातं. तेवढ्यावर भागतं, कारण अशा इंजिनात क्रँकशाफ्ट गोळ्यांच्या आणि सुयांच्या बेअरिंगवर फिरतो. मोटारीच्या साध्या बेअरिंगला दाबाखाली ऑइलचा पडदा लागतो, फिरत्या गोळ्यांना नुसता ओलावा पुरतो. प्रमाण ५० ला १, म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल. आणि सांडायला डबकंच नसल्यामुळे मशीन झाडाला उलटं टांगून चालवलं तरी त्याचं काही बिघडत नाही. कार्बोरेटरही पडद्याचा असतो, त्यात तरंगत्या गोळ्याची वाटी नसते.

हातचं काही जात नाही असंही नाही. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या फटी अधूनमधून तपासाव्या लागतात. त्या ०.१ मिलिमीटरच्या, साधारण कागदाच्या जाडीच्या. आणि ऑइल इथेही जळतंच, पण ताजं मिश्रण फुकट जात नाही. धोका एकच. कुणी घाईत साधं पेट्रोल भरलं तर इंजिनात वंगणाचा दुसरा थेंब कुठेच नसतो, आणि ते थोड्याच वेळात जाम होतं.

मी हे सगळं कागदावर काढून गड्याला दाखवलं. त्याने मान डोलावली आणि विचारलं, "म्हणजे कॅन एकच ठेवला ते बरोबर ना?"

बरोबरच होतं.