ड्रेनेज जोडणीचा अर्ज: आधी शब्द समजून घ्या, मग कागद जमवा

आमच्या सोसायटीचा ड्रेनेज जोडणीचा अर्ज पहिल्यांदा परत आला, तेव्हा त्यावर एका ओळीचा शेरा होता: ‘जोडणी पर्जन्य जलवाहिनीस दर्शविली आहे.’ कागद सगळे जोडले होते, मालमत्ता कर भरलेला होता. नकाशात मात्र गेटबाहेरच्या चेंबरवर ‘गटार’ एवढंच लिहिलं होतं. ते गटार पावसाच्या पाण्याचं होतं. मैलापाण्याची लाइन रस्त्याच्या पलीकडच्या कडेला होती आणि आम्ही कुणीच ते झाकण उघडून पाहिलेलं नव्हतं. एका शब्दापायी अर्ज पुन्हा पहिल्या टेबलावर गेला. म्हणून कागदांच्या यादीआधी शब्दांबद्दल लिहितो.

आपण रोजच्या बोलण्यात सगळ्यालाच ‘गटार’ किंवा ‘ड्रेनेज’ म्हणतो. महापालिकेच्या लेखी मात्र त्याच रस्त्याखाली दोन वेगळ्या व्यवस्था असतात. मलवाहिनी, म्हणजे भुयारी गटार, घरातलं वापरलेलं पाणी मलशुद्धीकरण केंद्राकडे नेते. पर्जन्य जलवाहिनी पावसाचं पाणी नाल्यात सोडते आणि नाला ते तसंच नदीत किंवा खाडीत नेतो. वाटेत कुठलंही शुद्धीकरण नाही. पुण्यात चुकीच्या लाइनला जोडलेला संडास मुळा-मुठेत उतरतो, मुंबईत मिठी नदीत. ओळखायची सोपी खूण अशी: पाऊस नसताना, कोरड्या दिवसांत, सकाळी सात-आठच्या सुमारास महापालिकेच्या माणसाकडून झाकण उघडून घ्या. पावसाळी लाइन तेव्हा कोरडी असायला हवी. पाणी वाहत असेल तर एक तर ती मलवाहिनी आहे, नाहीतर आपल्याआधी कुणीतरी चुकीची जोडणी करून बसलं आहे. त्यामुळे नुसत्या पाण्यावर भरवसा ठेवू नका, विभागाच्या नकाशाशी ताडून घ्या.

आता सगळ्यात जास्त वाद होणारा शब्द: मलजल. ‘संडासाचं पाणी मलवाहिनीला, पण मोरीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी पावसाळी गटारात सोडलं तर काय बिघडलं?’ हा प्रश्न मी प्रत्येक सोसायटीच्या सभेत ऐकला आहे. बोलीभाषेत मैलापाणी आणि सांडपाणी असा फरक आपण करतोच. पण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधली व्याख्या हा फरक मानत नाही. शौचालय आणि मुतारीतल्या मैल्याबरोबरच सिंक, न्हाणीघर, तबेला, गोठा अशा ठिकाणांहून येणारं दूषित पाणीही तिथे मलजलातच धरलं आहे. म्हणजे भांडी घासलेलं पाणीसुद्धा. कारण सरळ आहे: त्यात साबण असतो, तेल असतं, अन्नाचे कण असतात आणि नाल्यात ते कुजतंच.

त्याच कायद्यात ‘ड्रेन’ची व्याख्या मात्र फार मोठी आहे. पाइप, बोगदा, चर, उघडी नाली, एवढंच काय सेप्टिक टँकसुद्धा त्यात येतो आणि पावसाचं पाणीही येतं. त्यामुळे अर्जात नुसतं ‘ड्रेन’ लिहिलं तर कायद्याने ते चूक नाही, पण त्यातून कामाचं काहीच कळत नाही. दुसऱ्या कायद्यांत शब्द पुन्हा बदलतो. १९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंधक कायद्यात ‘सुअर’ (इंग्रजी sewer, म्हणजे मैलापाण्याची वाहिनी) उघडाही असू शकतो आणि बंदही, त्यातून मलजल वाहतं की कारखान्याचं सांडपाणी, एवढंच तो पाहतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यात ‘सुअर’ म्हणजे फक्त जमिनीखालची वाहिनी. दोन्ही व्याख्या आपापल्या जागी बरोबर आहेत. एकाला नदी वाचवायची आहे, दुसऱ्याला माणूस. नोटीस हातात आली की ती कोणत्या कायद्याखाली आहे ते आधी वाचा, कारण शब्दाचा अर्थ त्यावरच ठरतो.

मुंबईतल्या जुन्या चाळी-इमारतींना आणखी एक शब्द लागतो: घरगल्ली. दोन इमारतींमधली ती अरुंद पट्टी, जिथून संडासाचे पाइप उतरतात आणि सफाईची वाट जाते. ती मोकळी जागा नव्हे. तिथे शेड टाकली, सामान ठेवलं की खालची लाइन तुंबल्यावर कुणाला पोहोचताच येत नाही. अर्जासोबतच्या नकाशात घरगल्ली दाखवलेली असेल आणि प्रत्यक्षात ती बंद असेल, तर पाहणीत हरकत निघणारच.

हॉटेल, लाँड्री, गॅरेज किंवा छोटा कारखाना चालवणाऱ्यांनी ‘व्यवसायातून निघणारं सांडपाणी’ हा रकाना नीट पाहावा. धंद्याच्या प्रक्रियेतून निघालेलं पाणी घरगुती नाही, ते औद्योगिक सांडपाणी. त्याच जागेतल्या कामगारांच्या शौचालयाचं पाणी मात्र घरगुती. दोन्ही एका पाइपात घालून ‘घरगुती’ असं लिहू नका. हॉटेलाला ग्रीस ट्रॅप (पाण्यातलं तेल-तूप अडवणारी कुंडी) दाखवावा लागतो, कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, आणि ती महापालिकेच्या जोडणीपेक्षा वेगळी बाब आहे.

अर्ज कोण करू शकतं? जागेचा मालक किंवा नोंदणीकृत गृहनिर्माण संस्था. भाडेकरूने करायचा तर मालकाचं लेखी संमतिपत्र जोडावं. जवळ महापालिकेची मलवाहिनी असूनही जोडणी घेतली नसेल, तर प्रशासन नोटीस देऊन ती घ्यायला लावू शकतं. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात हे अंतर शंभर फुटांचं धरलेलं आहे. म्हणजे लाइन दारापर्यंत आली असेल तर ‘आमचा सेप्टिक टँक व्यवस्थित चालतो’ हे उत्तर पुरत नाही.

कागदपत्रं प्रत्येक महापालिकेत थोडी वेगळी असतात, पण गाभा सारखाच. मालकीचा पुरावा, म्हणजे मालमत्ता पत्रक, सातबारा किंवा इंडेक्स टू. मालमत्ता कराची चालू पावती किंवा थकबाकी नसल्याचा दाखला. मंजूर बांधकाम नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. संस्थेचा अर्ज असेल तर सभेचा ठराव आणि सही करणाऱ्याचा अधिकार. आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद, परवानाधारक प्लंबरने काढलेला ड्रेनेज नकाशा. रस्ता फोडावा लागणार असेल तर रस्ता खोदाईची परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क वेगळं. पावसाळ्यात खोदाईला बहुतेक ठिकाणी मनाई असते, तेव्हा दिवाळीनंतर अर्ज हाती घेतला की काम उन्हाळ्यात उरकतं.

नकाशावर थोडं थांबू, कारण अर्ज अडतो तो इथेच. त्यावर प्रत्येक चेंबरचा क्रमांक, तळाची खोली, पाइपचा व्यास आणि उतार लिहिलेला हवा. आमच्या दुसऱ्या नकाशात प्लंबरने चेंबर तीनची खोली पुढच्या चेंबर चारपेक्षा जास्त दाखवली होती, म्हणजे पाणी चढावर जाणार! पाहणीला आलेल्या अभियंत्याने काठी घालून ते दोन मिनिटांत दाखवलं. इमारतीतलं मोरीचं पाणी चेंबरला मिळण्याआधी गली ट्रॅप लागतो. त्यात उरलेलं पाणी झाकणासारखं काम करतं आणि लाइनमधला वायू घरात येऊ देत नाही. उन्हाळ्यात बंद फ्लॅटमधून वास येतो तो बहुधा ट्रॅपमधलं पाणी वाळल्यामुळे. बादलीभर पाणी ओतलं की वास थांबतो.

‘अपेक्षित मलजल प्रमाण’ हा रकाना लोक रिकामा सोडतात. हिशेब सोपा आहे. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे प्रचलित मोजमाप आहे आणि त्यातलं साधारण ८० टक्के पाणी वापरून परत येतं असं धरतात. म्हणजे माणशी १०८ लिटर. २४ फ्लॅट, घरटी पाच माणसं, तर १२० माणसांचे १२,९६० लिटर. हा आकडा लिहून खाली हिशेब मांडा. पुढचा प्रश्न येत नाही.

मलवाहिनी जवळ नसेल तर सेप्टिक टँक. २०१३ चा कायदा त्याला पाणी न झिरपणारी टाकी म्हणतो आणि हा शब्द मोलाचा आहे. तळ न बांधता मुरूमावर सोडलेला खड्डा हा सेप्टिक टँक नव्हे, तो शेजारच्या विहिरीत उतरणारा मैला आहे. भारतीय मानकाप्रमाणे टाकी किमान १,००० लिटरची, रुंदी किमान ७५० मिमी आणि पाण्याची खोली किमान एक मीटर. टाकीतून बाहेर पडणारं पाणी शोषखड्ड्यात जातं, आणि तो पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून १८ मीटर, राहत्या घरापासून ६ मीटर लांब हवा. गावांकडे मात्र याच शब्दाचा अर्थ वेगळा: शोषखड्डा म्हणजे फक्त मोरीच्या पाण्याचा खड्डा. त्यात संडासाचं पाणी सोडू नये.

टाकी उपसायची वेळ येते, दोन-तीन वर्षांनी. इथे कुणीही कसलीही तडजोड करू नये. पुरेशा सुरक्षेशिवाय कुणालाही टाकीत किंवा मलवाहिनीत उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. हे बंधन फक्त महापालिकेवर नाही. सोसायटी, घरमालक, ठेकेदार सगळ्यांवर आहे, आणि ‘माणूस ठेकेदाराने आणला होता’ म्हणून सुटका होत नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मृत्यू झाल्यास वारसांना ३० लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास देतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, आणि ‘आता वास नाही, उतर’ असं वरून सांगितलं जातं. शेकडो घरांतली कर्ती माणसं अशी गेली आहेत. सक्शन गाडीच बोलवा. मैलागाळ उपसण्याच्या कामासाठी आणि तक्रारीसाठी १४४२० हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

अर्ज दिल्यावर पावती घ्याच. जलनिःसारण जोडणी ही २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित सेवा आहे. मुदत, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, मग दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे. कारण न देता विलंब केला तर संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. तोंडी ‘उद्या या’ला काही अर्थ नाही, त्रुटी लेखी मागा. आमच्या अर्जावरची ती एक ओळ लेखी होती, आणि तिच्यामुळेच चूक कळली.

जोडणी झाल्यावर मालमत्ता कराच्या बिलात मलप्रवाह किंवा मलनिःसारण कराची ओळ तपासून घ्या. जुना सेप्टिक टँक तसाच सोडू नका. गाडीने उपसून, वाळू-मुरूम भरून बंद करा. आणि चर बुजवण्याआधी उघड्या पाइपचे फोटो काढा, भिंतीपासूनचं अंतर मोजपट्टी धरून दिसेल असे. त्यांच्या प्रिंट मंजूर नकाशाच्या मागे चिकटवून सोसायटीच्या फाइलला लावा.