दीर्घ आजारातील औषधनिर्मात्याची भूमिका

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, दमा अशा वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजारांत रुग्ण औषध नीट आणि न चुकता घेतो का, हे पाहणे नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या (फार्मासिस्टच्या) कामात मोडते. डॉक्टरांकडे रुग्ण तीन-सहा महिन्यांनी जातो, मेडिकलमध्ये बहुधा दर महिन्याला. महिन्याच्या गोळ्या नेलेले आजोबा दीड महिन्याने उगवले, की मधे खंड पडल्याचे आधी काउंटरवरच कळते.

औषध नियमावली, १९४५ नुसार चिठ्ठीवरचे औषध फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. रुग्णाशी औषधाबद्दल बोलणे हेही त्याचे काम असल्याचे फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ सांगतात. मात्र मात्रा बदलण्याचा किंवा चिठ्ठीतल्या ब्रँडऐवजी परस्पर दुसरा देण्याचा अधिकार त्याला नाही. यात शहाणपण आहे: नाव वेगळे, घटक तोच, अशा दोन गोळ्या घरात जमल्या की ज्येष्ठ मंडळी दोन्ही घेतात.

सांगायच्या गोष्टी तशा साध्याच. थायरॉक्सिन उपाशीपोटी घ्यायचे, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर चार तासांनी. स्टेरॉइडचा पंप ओढल्यावर चूळ भरायची. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवायचे, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते. पुण्यात चतुर्थी-एकादशीचे उपवास घरोघरी. ग्लिमेपिराइड ही मधुमेहावरची गोळी घेऊन दिवसभर पोट रिकामे ठेवले तर साखर धोकादायक उतरू शकते. म्हणून ‘उपवास करता का?’ हा प्रश्न काउंटरवर चौकशीखातर नव्हे, औषधासाठी विचारला पाहिजे. रक्तदाबाच्या रुग्णाने गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन मागितले, तरी हटकायला हवे. अशा वेदनाशामकांनी रक्तदाब वाढू शकतो.

सर्वांत जपून द्यायचे ते संधिवातावरचे मेथोट्रेक्झेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. पट्टीच्या चंदेरी कागदावर बॉलपेन उमटत नाही, तेव्हा पाकिटावर ठळक ‘फक्त रविवारी’ असा ठरलेला वार लिहून देणे उत्तम.

शहरात औषधाच्या घाऊक व्यापाराची जुनी पेठ म्हणजे सदाशिव पेठ. फार्मसी महाविद्यालयेही पुण्यात भरपूर, आणि रुग्णसेवेवर भर देणारा फार्म.डी. अभ्यासक्रम देशात २००८ पासून आहे. तरीही संध्याकाळी दवाखाने सुटले, की काउंटरवर ‘सुट्टे आहेत का’ यापलीकडे बोलणे जात नाही. घरपोच औषधांत तेवढेही उरत नाही. पिशवी दारातल्या वॉचमनकडे येते आणि शंका रुग्णाकडेच राहते.