चेहऱ्यावरचे पुरळ आणि रक्तदाबाची नोंदवही

मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात किंवा फुप्फुसात पसरला, की केमोथेरपीच्या जोडीला अनेकदा प्रतिपिंड (अँटिबॉडी) प्रकारचे औषध दिले जाते. बेव्हॅसिझुमॅब, सेटुक्सिमॅब आणि पॅनिट्युमुमॅब ही त्यांतील प्रमुख नावे होत. तिन्ही सलाइनप्रमाणे शिरेतून दिली जातात; मात्र त्यांचे दुष्परिणाम वेगवेगळे आहेत आणि रुग्ण बहुधा त्यांतील डोळ्यांना दिसणाऱ्यालाच अधिक घाबरतो.

सेटुक्सिमॅब आणि पॅनिट्युमुमॅब पेशीच्या पृष्ठभागावरील ईजीएफआर या ग्राहीवर, म्हणजे संदेश घेणाऱ्या प्रथिनावर, बसून वाढीचा संदेश अडवतात. गाठीतील केआरएएस किंवा एनआरएएस जनुकात बिघाड असेल, तर हा संदेश पेशीच्या आतच अखंड चालू राहतो आणि दारावरच्या पहाऱ्याचा उपयोग होत नाही. म्हणून जनुकचाचणीशिवाय ही औषधे देत नाहीत. गाठ आतड्याच्या डाव्या भागात असल्यास त्यांचा लाभ अधिक दिसतो. सेटुक्सिमॅबमध्ये उंदराच्या प्रथिनाचा अंश असल्याने औषध चढत असतानाच तीव्र ॲलर्जी होण्याचा धोका पूर्णतः मानवी असलेल्या पॅनिट्युमुमॅबपेक्षा जास्त असतो.

त्वचेलाही ईजीएफआर लागतो. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांतच चेहरा, छाती आणि पाठीवर मुरुमांसारखे पुरळ उठते. ते मुरूम नव्हेत. मुरुमांची बाजारी मलमे त्वचा आणखी कोरडी करतात. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो आणि ऊन हे पुरळ वाढवते, हे येथील रुग्णाला मुद्दाम सांगायला हवे. पॅनिट्युमुमॅबच्या एका चाचणीत मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, सौम्य स्टेरॉइड मलम आणि डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक आधीपासूनच सुरू केल्यावर मध्यम ते तीव्र त्वचाविकाराचे प्रमाण ६२ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले. पुरळ उठलेल्यांमध्ये औषध अधिक लागू पडल्याचेही आढळते, तेव्हा डॉक्टरांना न विचारता उपचार सोडणे हे नुकसानीचेच ठरते. याच औषधांनी रक्तातील मॅग्नेशियम उतरते. थकवा आणि पायांत गोळे येणे ही त्याची लक्षणे आपल्याकडे सहज ‘ऊन लागले’ म्हणून झटकली जातात, पण निदान रक्ततपासणीनेच होते.

बेव्हॅसिझुमॅबचा मार्ग वेगळा आहे. गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करवून घेते आणि त्यासाठी लागणारे व्हीईजीएफ हे प्रथिन हे औषध पकडून ठेवते. २००४ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. त्यामागील चाचणीत रुग्णांचा मध्यक जगण्याचा काळ (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो) केवळ केमोथेरपीवर १५.६ महिने, तर या औषधाच्या जोडीने २०.३ महिने होता. चेहरा स्वच्छ राहतो, त्यामुळे घरच्यांना हे औषध ‘सोसले’ असे वाटते. प्रत्यक्षात रक्तदाब चढलेला असू शकतो, लघवीतून प्रथिने जात असू शकतात आणि दोन्हींची जाणीव रुग्णाला नसते. म्हणून घरी रक्तदाबाची नोंदवही ठेवणे आणि लघवीची तपासणी न चुकवणे हा मला उपचाराचाच भाग वाटतो. जखमा भरण्यास विलंब लागत असल्याने नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी किमान २८ दिवस हे औषध थांबवतात. दात काढायचा असला तरी दंतवैद्याला त्याची कल्पना द्यावी.

आतड्याला छिद्र पडणे हा बेव्हॅसिझुमॅबचा विरळ, परंतु जिवावर बेतणारा परिणाम आहे. पोटात एकाएकी असह्य कळ आली, तर ती पित्ताची समजून सोडा घेऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे आणि तेथे औषधाचे नाव आधी सांगावे.