पाबळची रोजच्या कामाची शाळा: आठवी-नववीत अभ्यासातून मन उडण्यामागचा इतिहास

आठवी-नववीच्या पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "डोकं आहे हो त्याला, पण अभ्यासात लक्षच नाही." पाचवीपर्यंत प्रश्न विचारून भंडावून सोडणारं मूल तेराव्या-चौदाव्या वर्षी मागच्या बाकावर सरकतं, वह्या कोऱ्या राहू लागतात आणि घरीदारी त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का बसतो. तोच मुलगा गणपतीच्या मंडपात रात्रभर वायरिंग करतो, तीच मुलगी आईच्या शिलाईचा हिशोब चोख ठेवते. म्हणजे शिकण्याची ताकद शाबूत आहे, ती शाळेच्या कामाला लागत नाही एवढंच. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायांची ओळख आणि 'दप्तराविना दहा दिवस' अशा कल्पना मांडल्या, त्यामुळे हा विषय पुन्हा चर्चेत आहे. पण महाराष्ट्रात ही चर्चा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे आणि त्यातल्या काही प्रयोगांनी, विशेषतः पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या प्रयोगाने, खरोखर उत्तरं दिली आहेत.

सुरुवात मॅट्रिकपासून करावी लागते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. कॉलेजात कुणाला घ्यायचं हे ठरवण्यासाठी ती परीक्षा होती. निवड करणं हेच तिचं काम, आणि ते तिने चोख केलं. पुढे मात्र सगळं हायस्कूल तिच्याच मापाने बेतलं गेलं. ज्यांना कॉलेजात जायचंच नव्हतं किंवा जाणं परवडणारं नव्हतं, त्या मुलांसाठीही शाळेत दुसरं काही उरलं नाही. १९७५मध्ये अकरावीची जुनी एसएससी जाऊन दहावीची आली, पाठ्यपुस्तकं कितीदा तरी बदलली, शाळेचा रोख तोच राहिला.

हे महात्मा फुल्यांनी फार लवकर ओळखलं होतं. १८८२ साली ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी मोडी-बाळबोध वाचन-लेखन आणि हिशोबाबरोबर शेती व आरोग्य यांचं प्राथमिक ज्ञान अभ्यासक्रमात मागितलं. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम करून शिकता यावं म्हणून लहानसं नमुना शेत असावं, असंही त्यांनी सुचवलं. कुणब्याचं पोर शाळेत टिकायचं तर शाळेत त्याच्या जगण्यातलं काहीतरी असलं पाहिजे, ही इतकी साधी मागणी होती. ती मान्य व्हायला पुढची कित्येक दशकं गेली, आणि झाली तीही अर्धवट.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' ही वाट घातली. वसतिगृहातली मुलं शेतात राबत, स्वयंपाक करत, इमारतीचे दगड वाहत आणि शिकत. त्यामागे पैशाची निकड होती हे खरंच. पण कामाला अर्थ होता, आपण केलं नाही तर आपलं अडेल हे मुलांना दिसत होतं. अशा वसतिगृहांतून शिकलेल्या माणसांच्या आठवणींत कष्टांबरोबर अभिमानही येतो, तो त्यामुळेच.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी तिथे मांडलं की सात ते चौदा वयाच्या मुलांचं सगळं शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती बांधावं. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला आणि सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने नई तालीमची शाळा चालवली. सूत कातताना गणित, कापसावरून भूगोल, सफाईतून आरोग्यशास्त्र अशी ती रीत. स्वातंत्र्यानंतर सरकारने ती 'बुनियादी शिक्षण' म्हणून स्वीकारली आणि तिथेच ती हळूहळू विझली. सूत कातायची टकली तासापुरती हातात आली, कातलेल्या सुताची कुणाला गरज नव्हती आणि शिक्षकांना ना तयारी मिळाली ना साहित्य. शिवाय एक दुखरी गोष्ट होती. ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या हाताची कामं नाइलाजाने केली, त्यांना मुलांसाठी इंग्रजी आणि नोकरी हवी होती. "आमच्या पोराने शाळेत जाऊनही हेच करायचं का?" हा त्यांचा सवाल रास्त होता. शहरातली मुलं पुस्तकं वाचणार आणि खेड्यातली सूत कातणार, अशी वाटणी दिसल्यावर तो सवाल चुकीचा कसा म्हणायचा?

कोठारी शिक्षण आयोगाने (१९६४ ते ६६) यावर तोड म्हणून 'कार्यानुभव' सर्वच मुलांसाठी सुचवला. या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, ज्यांनी आधी कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं करून खेड्यातल्या शिक्षणाचा अनुभव घेतला होता. १९७७च्या ईश्वरभाई पटेल समितीने त्याचं 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' केलं. कल्पना चांगल्याच होत्या. वर्गात काय पोचलं ते चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आठवत असेल: शुभेच्छापत्रं, कागदी तोरणं, खडू, आणि वर्षाअखेरी घरच्यांनी रात्री बसून पुरी केलेली फाईल. श्रेणी मिळाली की विषय संपला. त्या तोरणाची वाट कुणी पाहत नव्हतं.

मुलांचं मन अभ्यासातून उडण्याचं आणखी एक कारण मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने समोर आणलं. १९७४ साली सुरू झालेल्या या केंद्रात प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिकेच्या शाळांतल्या, घरी शिक्षणाची परंपरा नसलेल्या मुलांबरोबर काम केलं. विज्ञानाच्या पुस्तकातली मराठी जड आहे, ती सोपी केली की तीच मुलं विषय समजून घेतात, हे त्यांनी दाखवलं. वर्षानुवर्षं पुस्तक कळत नसलेलं मूल आठवीत येईतो प्रश्न विचारणं सोडून देतं, आणि मग त्याच्या गप्प बसण्याला आपण आळस म्हणतो.

आता पाबळ. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं हे अवर्षणग्रस्त गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. करून परतलेले. आधी म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि मग हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात त्यांनी काम केलं. मोठ्या पदावरून मुदतीआधी निवृत्ती घेऊन १९८३ साली ते पत्नी मीराताईंसह पाबळला राहायला आले आणि तिथे 'विज्ञान आश्रम' सुरू केला. चित्रा नाईक आणि जे. पी. नाईक यांच्या पुण्यातल्या भारतीय शिक्षण संस्थेचं हे केंद्र.

कलबागांचं म्हणणं असं की माणूस मुळात हाताने करत करत शिकतो, शाळेने ती नैसर्गिक रीत मोडली आहे. म्हणून शाळा सोडलेल्या मुलामुलींसाठी त्यांनी ग्रामीण तंत्रज्ञानाचा निवासी अभ्यासक्रम काढला आणि गावातल्या हायस्कूलच्या आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख', म्हणजे 'इंट्रोडक्शन टु बेसिक टेक्नॉलॉजी' किंवा आयबीटी. आठवड्यातला एक दिवस पूर्ण याला. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. वर्गातल्या सगळ्यांनी चारही करायचे. मुली वेल्डिंग करणार, मुलगे स्वयंपाक करणार, पहिल्या नंबरचा मुलगाही फावडं धरणार. वर्ध्याच्या वेळी उठलेल्या सवालाला हे उत्तर होतं: काम कुणा एका थराच्या वाट्याला जात नव्हतं.

पशुपालनातलं एक साधं काम बघा. गाईला जंताचं औषध द्यायचं तर तिचं वजन माहीत हवं, आणि खेड्यात गाय तोलायचा काटा नसतो. मग फितीने छातीचा घेर इंचांत मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, अंगाच्या लांबीने गुणायचं आणि ६६०ने भागायचं; किलोमध्ये अंदाजे वजन मिळतं. घेर ६५ इंच आणि लांबी ५५ इंच असेल तर उत्तर ३५२ किलोच्या आसपास येतं. वर्ग करायला विसरलं तर येतं साडेपाच किलो. साडेपाच किलोची गाय! चूक झाली हे सांगायला बाईंना लाल शाई लागत नाही, मूल स्वतःच फीत घेऊन पुन्हा गोठ्यात जातं. वहीत 'वर्गसंख्या' या धड्याखाली दहा गणितं करूनही ज्याला वर्ग का करायचा ते उमगलं नव्हतं, त्याला ते तिथे उमगतं. रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासणं, माती परीक्षण, फेरोसिमेंटचं (तारेची जाळी आणि सिमेंटचं) बांधकाम, वायरिंग ही सगळी कामं याच धर्तीची होती. त्यांतली बरीचशी गावातल्या लोकांसाठी, मोबदला घेऊन केली जात. माल वाया गेला तर खरा माल वाया जाई, दुरुस्ती नीट झाली तर खरा माणूस समाधानाने घरी जाई.

माझ्या मते पाबळचं मर्म इथे आहे. निव्वळ हाताला काम दिलं म्हणून मुलं जागी झाली नाहीत, तोरणंही हातानेच केली होती. कामाची कुणाला तरी गरज होती आणि चुकलं की ते लगेच दिसत होतं, म्हणून ती जागी झाली. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आपला कुणाला उपयोग आहे का, हे जाणून घ्यायची जबर ओढ असते. शाळा त्याला दहावीनंतर, बारावीनंतर, नोकरीनंतर असं सांगत राहते.

निदेशक नेमतानाही कलबागांनी गावातल्याच कारागिरांना, आश्रमात शिकून तयार झालेल्या तरुणांना प्राधान्य दिलं. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने इथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवायची कार्यशाळा, आली. एमआयटीबाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या लॅबपैकी ती एक. २००३च्या जुलैमध्ये कलबाग गेले, काम थांबलं नाही. राज्य मंडळाने आयबीटीला विषय म्हणून मान्यता दिली होती. 'लेंड अ हँड इंडिया'सारख्या संस्थांनी ते इतर जिल्ह्यांत आणि राज्यांत नेलं.

याच काळात मुख्य प्रवाहातल्या शाळेत वेगळीच ओढाताण चालली होती. १ एप्रिल २०१०पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणं थांबवलं. मुलं शाळेत टिकली, हा मोठाच फायदा. पण मागे पडलेल्या मुलाला वेळीच हात देण्याची जी जबाबदारी त्याबरोबर यायला हवी होती, ती बहुतेक ठिकाणी आली नाही, आणि नववीत सगळं एकदम अंगावर आलं. २०१९ला कायदा बदलला, पुढे महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. मध्यंतरी दहावीला अनुत्तीर्ण होणाऱ्यांच्या गुणपत्रिकेवर 'नापास'ऐवजी कौशल्य विकासास पात्र असल्याचा शेरा आला. हेतू सहानुभूतीचा होता, पण त्यातून मुलांना काय कळलं? कौशल्य हे हरल्यानंतर मिळतं. कलबागांनी जे आठवीच्या सगळ्या वर्गाला दिलं होतं, ते इथे दहावीत पडलेल्यांच्या पदरात घातलं गेलं.

१४ ते १८ वयोगटाकडे खास लक्ष देणाऱ्या २०२३च्या 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली ८६.८ टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या शिक्षणसंस्थेत दाखल असल्याचं आढळलं. या वयोगटातल्या सुमारे चौथ्या हिश्शाला दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सहज वाचता येत नव्हता. व्यवसाय प्रशिक्षण घेणाऱ्यांचं प्रमाण होतं ५.६ टक्के. २०२०च्या धोरणाने २०२५पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव देण्याचं ठरवलं होतं, तेव्हा अंतर केवढं होतं ते लक्षात यावं.

आता सहावीपासून कौशल्य शिक्षणाची पुस्तकं आली आहेत, नववीपासून बहुकौशल्यासारखे (मल्टिस्किल) विषय अनेक शाळांत आहेत. ते शिकवणारे व्यवसाय प्रशिक्षक मात्र बहुतेक ठिकाणी बाहेरच्या संस्थांमार्फत कंत्राटावर नेमलेले आहेत, आणि डिसेंबर उजाडला की कार्यशाळेचे तास गणित-इंग्रजीच्या सरावाला देण्याची सवय शाळांमध्ये जुनीच आहे. गावातल्या सुताराला, वायरमनला, आरोग्यसेविकेला शाळेच्या वेळापत्रकात मानधनासह कायमची जागा कशी द्यायची, याचा नियम अजून व्हायचा आहे. पुढच्या शैक्षणिक वर्षासाठी शाळा व्यवस्थापन समित्यांनी आणि पालकांनी आधी मागणी करावी ती याच नियमाची.